बूट आले, माणूस नाही

दुपार कलली की वाळवणीच्या खोलीत जाऊन हातमोजे उलटून ठेवायचे, हे इत्सुएचं हिवाळ्यातलं रोजचं काम. पाहुणे मोजे गरम नळीवर फेकतात आणि विसरतात. मग एक बाजू वाळून कडक होते, दुसरी तशीच गच्च राहते, आणि दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून सांगायला पुन्हा हेच येतात. इत्सुए काबासावा साठीला टेकली होती. पाहुण्यांची वाकडी तोंडं सरळ करण्यात तिची निम्मी हयात गेली होती.

गावात उतरायला जागा तऱ्हेतऱ्हेच्या. उताराच्या पायथ्याशी ते उंच हॉटेल, तिथे बूट ठेवायला लोखंडी कपाटं आणि कपाटाला किल्ली. वरच्या वळणावर पेन्शनी, म्हणजे तोक्योतली नोकरी सोडून आलेल्या जोडप्यांनी चालवलेली पाश्चात्य धाटणीची घरं, पलंग, फुलाफुलांचे पडदे आणि न्याहारीला पाव. झऱ्याकाठी जुनी र्योकान, म्हणजे पारंपरिक सराया, तिथे जेवणात इतक्या नाजूक वाट्या येतात की दिवसभर स्की करून आलेल्या माणसाने त्या बघायच्या की खायच्या, कळत नाही. आणि मग काबासावांसारख्या मिनशुकू. राहत्या घरातल्याच वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, चटईवर गादी घालायची, घरच्यांसाठी शिजेल तेच त्यांच्या ताटात वाढायचं. हॉटेलवाले पाहुण्याला खोलीच्या आकड्याने ओळखतात. इत्सुए बुटांवरून ओळखायची, आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

मिनशुकूच्या बाईला बूट ओळखावेच लागतात. लिफ्टा बंद झाल्या की डोंगरावरच्या बचाव चौकीतून घरोघरी फोन येतो, सगळे परतले का? बाईने वाळवणीच्या खोलीत डोकवायचं, फळी भरलेली दिसली की सांगायचं, परतले. तेवढ्यावर चौकीतली माणसं दिवे मालवून घरी जातात. वाळवणीच्या खोलीतून बूट बाहेर गेले म्हणजे माणूस डोंगरावर, बूट आत आले म्हणजे माणूस घरी. गावात ह्याच्यावर कधी कोणी वाद घातला नव्हता. घातला होता तो एकदाच, आणि तोही इत्सुएनेच.

त्या दिवशी बर्फ सकाळपासून पडत होता आणि दुपारनंतर वाराही उठला होता. खिडकीबाहेर समोरचं घरसुद्धा दिसेना. इत्सुएने मोजे उलटले आणि सवयीने फळीवरून नजर फिरवली. कावासाकीहून आलेल्या नवराबायकोचे बूट होते. ती दोघं वाऱ्याला भिऊन दुपारच्या जेवणानंतर बाहेर पडलीच नव्हती. आणि टोकाला, पिवळी पट्टी लावलेले, चिहारूचे बूट.

"आली वाटतं पोरगी," इत्सुए स्वतःशीच म्हणाली आणि तिच्या जिवात जीव आला.

चिहारू नागामिने सैतामातल्या एका इस्पितळात परिचारिका होती. दरवर्षी सुट्टी साठवून एकटीच यायची. वरची कोपऱ्यातली खोली तिची. मागच्या वर्षी तिचे बूट दुसऱ्या कोणीतरी चुकून घालून नेले, तेव्हा इत्सुएने स्वतःच्या हाताने मागच्या बाजूला ही पिवळी पट्टी चिकटवली होती. पोरगी जेवताना चार वाट्या भात मागून घ्यायची, आणि जिला पोटभर खायला आवडतं तिच्यावर इत्सुएचा आपोआप जीव जडायचा.

तिने चहा केला, बशीत गोड पुरणाचा एक पाव ठेवला आणि जिना चढली. दारावर टकटक केली. उत्तर नाही. दार सरकवलं तर सकाळी गुंडाळलेली गादी तशीच कोपऱ्यात, दिवा बंद, खोली गारठलेली. न्हाणीघरात असेल म्हणून ती खाली आली. न्हाणीघर रिकामं होतं, पाण्यावरचं लाकडी झाकणसुद्धा कोणी उचललेलं नव्हतं. मग ती दारातल्या पायरीपाशी गेली. तिथे कपाटात चिहारूच्या घरात घालायच्या सपाता होत्या आणि शेजारी तिचे रोजचे बूटही होते. घरातले रबरी बूटही सगळे जागच्या जागी. म्हणजे पोरगी आली असेल तर ह्या थंडीत घरभर अनवाणी फिरते आहे, आणि बाहेर गेली असेल तर अनवाणीच गेली आहे.

इत्सुए पुन्हा वाळवणीच्या खोलीत गेली. ह्या वेळी तिने दिवा लावला.

खोलीत इतकी ऊब होती की मानेवर घाम यावा. कावासाकीवाल्यांचे बूट केव्हाच सुकले होते. चिहारूच्या बुटांवर मात्र बोटभर बर्फ होता, ताजा आणि भुसभुशीत. खाली पाण्याचा एक थेंब नव्हता. इत्सुएने बोट लावलं. बर्फ कोरडा होता. नळीच्या अगदी वर ठेवलेला असून तो वितळत नव्हता.

आणि बुटांचे चाप सगळे लागलेले होते, वरपासून खालपर्यंत, करकचून. स्कीचा बूट असा बंद असला की पाय बाहेर निघत नाही. चाप उघडल्याशिवाय कोणी बूट काढूच शकत नाही, आणि काढल्यावर पुन्हा लावत कोणी बसत नाही. इत्सुए जरा वाकली. बाकी सगळ्या बुटांना त्यांचा आंबूस वास होता. ह्यांना येत होता तो ओल्या दगडाचा, बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याचा वास.

तो वास तिला ओळखीचा होता. 

ती नवी नवी सून होऊन ह्या घरात आली होती, तेव्हाची गोष्ट. तिची नणंद फुमिए, सासूची एकुलती एक लेक, अशाच एका वादळी दिवशी डोंगरावर गेली. संध्याकाळी तिचे बूट फळीवर होते, आणि त्यांना हाच वास येत होता. सासूने चौकीला सांगितलं, आमच्याकडचे सगळे परतले. इत्सुए म्हणाली होती की बूट आहेत पण वन्सं घरात नाहीत. सासूने तिला सगळ्यांसमोर झापलं, काल आलेल्या सुनेने आम्हाला शिकवू नये. इत्सुए गप्प बसली. बर्फ वितळल्यावर फुमिए दरीत सापडली, दोन्ही पायांत बूट घालून. फळीवर दिसलेले बूट मग कुणाचे होते, हे त्या घरात कोणी विचारलं नाही. सासऱ्यांनी विचारलं नाही, नवऱ्याने मरेपर्यंत विचारलं नाही.

स्वयंपाकघरात फोन वाजला.

पलीकडे तोकुरो होता, बचाव चौकीचा प्रमुख, इत्सुएचा चुलत दीर. त्याच्या आवाजामागे वारा ऐकू येत होता.

"वहिनी, सगळे परतले?"

"चिहारू नाही आली."

"बूट?"

इत्सुएने वाळवणीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"वहिनी... बूट आहेत का फळीवर?"

"बूट आहेत. ती नाही."

तोकुरोने सुस्कारा सोडला. मग त्याने समजुतीच्या सुरात सांगायला सुरुवात केली, की पोरगी हॉटेलच्या गरम कुंडात डुंबायला गेली असेल, शेजारी पत्ते खेळत बसली असेल. इत्सुएने कपाटातल्या सपातांचं सांगितलं, रोजच्या बुटांचं सांगितलं, न वितळणाऱ्या बर्फाचंही सांगितलं. ते शेवटचं सांगायला नको होतं, हे तिला बोलता बोलताच कळलं. तोकुरोचा सूर बदलला.

"मागे त्या हॉटेलातल्या दारुड्याला शोधायला गेलो होतो, आठवतंय? तो तिथे पाहुण्यांच्या दिवाणखान्यात झोपला होता आणि मी पायाची बोटं गमावून आलो. माझ्या पोरांना बायकामुलं आहेत, वहिनी. बूट घरात असताना ह्या वाऱ्यात मी कोणाला वर पाठवणार नाही."

"फुमिएचेही बूट घरात होते, तोकुरो."



"ते नको काढूस," तो म्हणाला. "घर नीट बघ आणि सांग." फोन बंद झाला.

बाहेरच्या खोलीत सासूबाई कोतात्सुशी बसल्या होत्या. कोतात्सु म्हणजे खाली ऊब आणि वर रजई घातलेलं बुटकं मेज. हात्सुयोबाईंचा सगळा हिवाळा त्या रजईत पाय घालूनच जायचा. पाय थकले होते, कान मात्र तल्लख होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बूट आलेत ना? मग ती आली. उगाच गाव गोळा करू नकोस."

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होता, आई."

म्हातारीचा चेहरा दगडासारखा झाला. "बूट आले होते. मी डोळ्यांनी पाहिले होते."

"मीही पाहिले होते. आणि गप्प बसले होते. आज नाही बसणार."

इत्सुए तरातरा वाळवणीच्या खोलीत गेली. भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीच्या वर राग चढला होता, चांगला जुना, वर्षानुवर्षं मुरलेला राग. आपल्याच फळीवर, आपल्याच हातच्या पिवळ्या पट्टीसकट कोणीतरी खोटं आणून ठेवतं, आणि आपण त्याला खरं म्हणायचं? तिने दोन्ही बूट उचलले. ते भलतेच जड होते. रिकामा बूट कितीही मोठा असला तरी त्याचं वजन ती हाताने सांगू शकली असती. ह्यांच्यात काहीतरी होतं. चालताना तिच्या हातात ते किंचित हलत होते, अवघडलेला पाय बुटात बोटं हलवतो तसे.

तिने मागचं दार उघडलं. वारा चपराकीसारखा तोंडावर आला. छपरावरून ढकललेल्या बर्फाचा ढीग दारापलीकडे भिंतीएवढा झाला होता. तिने सगळा जोर लावून एकामागून एक दोन्ही बूट त्या ढिगाच्या पलीकडे भिरकावले.

"ज्याचे असतील त्याने घेऊन जावेत," ती म्हणाली.

पडल्याचा आवाज आला नाही. तिने दार लावून घेतलं आणि सरळ जाऊन फोन उचलला.

"तोकुरो, फळी रिकामी आहे."

"आत्ताच तर म्हणालीस की..."

"मी आत्ता बघून सांगतेय. चिहारूचे बूट फळीवर नाहीत. तुम्ही जाताय की मी निघू?"

तोकुरोने एक शिवी हासडली, जी त्या गावातले पुरुष बायकांसमोर कधी देत नाहीत. पण पाठोपाठ तो कोणालातरी ओरडून दोर काढायला सांगतोय, बर्फावरची गाडी सुरू करायला सांगतोय, हे तिने ऐकलं, आणि मगच फोन ठेवला.

आता वाट पाहण्याशिवाय हातात काही नव्हतं. तिने चिहारूच्या खोलीतली शेगडी पेटवली, गादी घातली, गादीत गरम पाण्याची पिशवी सारली. पोरगी येणार म्हणजे येणार. खाली येऊन तिने मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सार मंद आचेवर ठेवलं आणि सासूसमोर बसली.  कावासाकीवाले जेवणघरात दूरदर्शन बघत होते. छपरावरून मधूनच बर्फाचा थर घसरून धप्प होई आणि घर किंचित हादरे. खिडकीबाहेरचा उजेड निळा झाला आणि मग विझला.

"आले हं मी."

आवाज दारातल्या पायरीकडून आला. चिहारूचाच. इत्सुए अर्धी उठलीसुद्धा, इतकं हलकं वाटलं तिला. उंबरठ्यावरून पाहुण्याने आले म्हणायचं आणि आतून घरच्याने आलीस का, ये म्हणायचं, ही मिनशुकूतली रोजची रीत. हॉटेलात असं कोणी कोणाला म्हणत नाही. आतून उत्तर गेलं की माणूस घरात जमा झाला. ह्या घरात ते उत्तर नेहमी हात्सुयोबाई द्यायच्या, बसल्या जागेवरून. कोण आलं हे त्या मान वळवून बघतही नसत, इतकी जिभेला सवय.

पण दाराला घंटा होती आणि घंटा वाजली नव्हती. सरकत्या दाराची कुरकूर झाली नव्हती, की थंड झोत आत आला नव्हता. इत्सुए जागच्या जागी थिजली. आणि तिला समोर दिसलं, की सासूबाईंचा चेहरा उजळला आहे, ओठ विलग होताहेत, त्या श्वास घेताहेत.

इत्सुएने झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला.

"नाही, आई... बोलायचं नाही."

म्हातारी धडपडली. तळहाताखाली तिचे ओठ हलत होते आणि ते चिहारूचं नाव घेत नव्हते. "फुमिए," ते म्हणत होते. "माझी फुमिए."

"आले हं मी," पायरीवरून पुन्हा आलं. थोडं थांबून, थोडं अधिक लाडात.

हात्सुयोबाईंनी इत्सुएच्या हाताला कडकडून चावा घेतला. इत्सुएच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने हात काढला नाही. सासूला छातीशी घट्ट आवळून ती दाराकडे तोंड करून बोलली. बर्फात दारी आलेल्या माणसाला तिने आयुष्यात परतवून लावलं नव्हतं. खोल्या भरल्या असल्या तर ओसरीत गाद्या घालून लोकांना झोपवलं होतं. हे शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होते.

"आज जागा नाही," ती म्हणाली. "वरची खोली चिहारूची आहे. ती डोंगरावरून येतेय, तिची गादी मी घालून ठेवलीय. तिच्या जागी मी कोणाला घेणार नाही. कितीही हाका मार. ह्या घरातून तुला उत्तर मिळणार नाही."

पायरीवर काही हललं नाही. मग उघड्या, ओल्या पावलांचा आवाज लाकडावरून हळूहळू लांब गेला. घंटा तेव्हाही वाजली नाही.

जेवणघराचं दार सरकवून कावासाकीच्या नवऱ्याने डोकं बाहेर काढलं. त्याने विचारलं, कोणी आलं का?

"नाही," इत्सुए म्हणाली. "बसा, जेवण वाढते."

तिने सासूच्या तोंडावरचा हात काढला. हात्सुयोबाई रडत नव्हत्या. आपल्या सुनेकडे त्यांनी इतकं नीट कधी पाहिलं नसेल. "तिला थंडी वाजत असेल," एवढंच त्या शेवटी म्हणाल्या. इत्सुएला त्यांची दया आली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आली. ती काही बोलणार, इतक्यात स्वयंपाकघरात फोन वाजला.

तोकुरो धापा टाकत होता. पोरगी सापडली होती. जुन्या लिफ्टच्या खालच्या रानात, झाडाच्या बुंध्याभोवती बर्फात पडतो तसल्या खड्ड्यात, पाय मोडून. जिवंत होती, शुद्धीवर होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं तो म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला.

"वहिनी, तिच्या पायांत बूट आहेत. पिवळ्या पट्टीचे."

"असणारच."

"मग तू आधी म्हणालीस ते..."

"फळी रिकामी होती, सांगितलं ना तुला."

 पोरगी केव्हापासून तुझ्याशी बोलायचं म्हणतेय, असं सांगून त्याने फोन तिच्या कानाशी धरला. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग दात वाजल्याचा आवाज.

"काकू... ती मुलगी खाली आली का?"

"कोण मुलगी?"

"माझ्याजवळ बसली होती ती. सारखी म्हणायची, ओरडू नकोस. घरी सगळ्यांना वाटतंय तू आलीस. आता कोणी यायचं नाही..." चिहारू थांबली. "मग मध्येच उठून गेली. परत आली ती चिडूनच. म्हणाली, वहिनीने मला दारातून परतवून लावलं."

इत्सुएने फोन कानाशी घट्ट धरला. "आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली... तू सापडलीस की इथून घरी फोन जाईल. वहिनी फोन घ्यायला आत जाईल, आई एकटी राहील. तेवढ्यात मी आईला हाक मारते, ती ये म्हणेल." पोरगी रडायला लागली. "काकू, ती कोण..."

इत्सुएने फोन टाकला आणि धावली.

हात्सुयोबाई कोतात्सुशी तशाच होत्या, पण त्यांनी तोंड फिरवलं होतं, मागच्या ओसरीच्या कागदी दाराकडे. त्यांनी आपले दोन्ही सुरकुतलेले हात स्वतःच्याच तोंडावर गच्च दाबून धरले होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, खांदे गदगदत होते, पण बोटांच्या फटीतून श्वासाखेरीज काही बाहेर पडत नव्हतं. दारापलीकडून, अगदी कागदाला लागून, कोणीतरी हळूच म्हणत होतं, "आई... आले मी."

इत्सुए सासूच्या शेजारी बसली. आपला चावलेला हात तिने त्या दोन हातांवर ठेवला आणि दाबला. म्हातारीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. दोघी तशाच दाराकडे बघत राहिल्या.

 मग पलीकडची हाक बदलली.

"वहिनी... मग तू तरी ये म्हण."

"नाही म्हणणार," इत्सुए म्हणाली, आणि सासूच्या तोंडावरचा हात तिने सोडला नाही.